चोवीस बिटांची राखण

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदऱ्याच्या जलाशयामागे रतनवाडी आहे. गावाच्या डोक्यावर रतनगड, भोवती सह्याद्रीच्या रांगा आणि मध्ये दाट झाडी. याच जिल्ह्यातल्या पारनेरच्या माळावर आकाश थेट क्षितिजाला टेकलेलं असतं. रतनवाडीत ते वर मान केली तरी तुकड्यातुकड्यांनी दिसतं. मोबाइलवर नकाशा बघणाऱ्याला अशी जागा नकोशी वाटते. मला ती हवी होती. मी संगमनेर भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दिशादर्शक उपग्रह जो संदेश पाठवतात त्यात वाटेत होणाऱ्या चुका पकडणारे आणि दुरुस्त करणारे कोड कसे रचावेत, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे.

हे काम प्रयोगशाळेत बसून करता येतं. संगणकात संदेश तयार करायचा, त्यात गोंगाट मिसळायचा आणि आपला कोड किती चुका सावरतो ते मोजायचं. पण संगणकातला गोंगाट सगळीकडे सारखा पसरलेला असतो. डोंगराच्या कड्याआडून, पावसात भिजलेल्या पानांमधून किंवा उसाच्या फडातून आलेला सिग्नल तसा वागत नाही. तो क्षणात चांगला असतो, क्षणात नाहीसा होतो. त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर तो जिथे येतो तिथेच जाऊन टिपायला हवा. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. अकोल्यात डोंगर आणि झाडी, पारनेर-कर्जतला उघडा माळ, प्रवरेच्या आणि गोदेच्या काठाला राहाता, श्रीरामपूर, नेवाशाचे ऊस. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अँटेना, एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर आणि लॅपटॉप अशा संचावर आम्ही या सगळ्या ठिकाणी कच्चा सिग्नल नोंदवला आणि घरी आणून पुन्हा पुन्हा चालवून पाहिला.

हा जिल्हा उपग्रहाच्या सिग्नलला नवखा नाही. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ साली विहिरीत पडलेला एक बिबट्या वाचवून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला, कारण तो चालत चालत थेट मुंबईपर्यंत पोहोचला आणि त्याची वाट त्या पट्ट्यामुळे कळली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या शेतशिवारातल्या बिबट्यांचा जो अभ्यास केला, त्याची ही एक कडी. मी वर्गात हे उदाहरण देते तेव्हा एक प्रश्न विचारते : झाडीत दडून बसलेल्या जनावराच्या गळ्यातल्या रिसीव्हरला उपग्रहाचा संदेश नीट ऐकू आला नसेल, तर त्याने काय करावं? जीपीएसच्या मूळ संदेशात उपग्रहाचं घड्याळ आणि कक्षा सांगणारा भाग १८ सेकंदांचा असतो आणि दर ३० सेकंदांनी तो पुन्हा येतो. तेवढा वेळ बिबट्या कुठे असेल, मान कोणत्या बाजूला असेल, यावर रिसीव्हरचा काहीच ताबा नाही.

फोनवरचा मेसेज वाटेत बिघडला तर फोन तो आपणहून पुन्हा मागवून घेतो. उपग्रहाकडे अशी सोय नाही. तो ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी एकच संदेश बोलत राहतो, कोण ऐकतंय हे त्याला ठाऊक नसतं आणि ‘पुन्हा सांग’ असं त्याला म्हणता येत नाही. नाविक या आपल्या भारतीय दिशादर्शक यंत्रणेचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून बोलतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्या सिग्नलची ताकद एका वॅटच्या दहा हजार लाख कोटीव्या भागाइतकी उरते. रिसीव्हरच्या आतल्या गोंगाटापेक्षाही ती कमी. ठरलेल्या १,०२३ खुणांची एक मालिका उपग्रह दर मिलिसेकंदाला आवर्तून पाठवतो, तिच्या आधाराने रिसीव्हर त्या गोंगाटातून सिग्नल वर काढतो. मग त्यावर बसवलेला संदेश वाचतो. या संदेशाचा वेग सेकंदाला फक्त २५ बिट. म्हणून संदेशातला प्रत्येक बिट मोलाचा असतो.

मोलाचा म्हणजे किती, हे मी फळ्यावर मांडून दाखवते. उपग्रहाचं घड्याळ किती पुढे-मागे आहे हे सांगायला संदेशात २२ बिटांचा एक आकडा असतो. त्यातला सगळ्यात खालचा बिट उलटा वाचला गेला, तर त्या उपग्रहापासूनचं अंतर १४ सेंटिमीटरने चुकतं. वर जावं तसं हे दुप्पट होत जातं. चिन्हाच्या बिटाच्या अलीकडचा बिट उलटला तर चूक सुमारे १४६ किलोमीटरची होते. मुलं या १४६ किलोमीटरला दचकतात. मी त्यांना म्हणते, त्याला घाबरू नका. नगर शहरात उभ्या असलेल्या माणसाला नकाशा मुंबईजवळ दाखवायला लागला तर तो फोन बंद करून पुन्हा सुरू करील. खालून चौथा बिट बघा. तो उलटला तर चूक १ मीटर १२ सेंटिमीटर. म्हणजे साधारण एका बांधाची रुंदी. ही चूक कुणाच्याच डोळ्यावर येणार नाही. ती खरी म्हणून वापरली जाईल.

माझं सगळं काम या चौथ्या बिटाभोवती फिरतं असं म्हटलं तरी चालेल.

जीपीएसच्या जुन्या संदेशात यावर साधा उपाय होता. २४ बिट माहितीचे आणि ६ बिट तपासणीचे, असे ३० बिटांचे शब्द. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या कोडाच्या घराण्यातली ही रचना. शब्द बिघडलाय एवढं त्यातून कळतं. मग रिसीव्हर तो सोडून देतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहतो. नाविकची रचना नंतरची. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि पुढच्या वर्षी इस्रोने तिच्या खुल्या सेवेच्या सिग्नलचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. ते वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की देशाच्या इतक्या मोठ्या यंत्रणेच्या पोटात काय चालतं ते आपल्या गावात बसून, आपल्या लॅपटॉपवर उलगडून पाहता येतं. माझ्या कामाची सुरुवात तिथून झाली.

नाविकचा संदेश १२ सेकंदांच्या तुकड्यांत येतो. एका तुकड्यात २९२ बिट. त्यातले २४ तपासणीचे, शेवटचे ६ शून्य. हे २९२ बिट एका कोडातून जातात. प्रत्येक बिट आत शिरताना आधीच्या सहा बिटांशी मिसळला जातो आणि एकाचे दोन होऊन बाहेर पडतो. अशा कोडाची कल्पना पीटर इलायस यांनी १९५५ साली मांडली होती. आता झाले ५८४. त्यांच्या पुढे १६ बिटांची ठरलेली खूण लागते : १११० १०११ १००१ ००००. एकूण ६००, सेकंदाला ५०. असे चार तुकडे मिळून ४८ सेकंदांची एक फेरी होते. पहिल्या दोन तुकड्यांत घड्याळ आणि कक्षा, बाकीच्या दोनांत इतर माहिती.

एकाचे दोन केल्याने वेग निम्मा होतो, पण त्या बदल्यात प्रत्येक बिटाची साक्ष अनेक ठिकाणी नोंदली जाते. एखादी जागा बिघडली तरी शेजारच्या जागा तिच्याबद्दल सांगतात. ही साक्ष जुळवण्याची रीत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली दिली. मागच्या सहा बिटांच्या ६४ अवस्था होतात. दर पावलाला प्रत्येक अवस्थेपर्यंत येणाऱ्या दोन वाटांपैकी जी मिळालेल्या सिग्नलशी जास्त जुळते ती ठेवायची, दुसरी सोडायची, आणि शेवटी जी वाट उरते तिच्यावरून मागे येत संदेश वाचायचा. मुलांकडून मी हे आधी कागदावर करून घेते, छोट्या चार अवस्थांच्या कोडावर. पेन्सिलीने वाटा खोडताना ज्या मुलाला एकदा कळतं की ही वाट का मेली, त्याला पुढे प्रोग्राम लिहायला सांगावा लागत नाही.

या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्याकडची माणसं आहेत, हेही मी पहिल्याच तासाला सांगते. राज चंद्र बोस आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांनी १९६० साली दिलेला कोड त्यांच्या आणि ऑक्केंगेम या फ्रेंच गणितज्ञाच्या आद्याक्षरांनी बीसीएच म्हणून जगभर वापरला जातो. जीपीएसच्या नव्या एल-वन-सी सिग्नलमध्ये वेळ सांगणारे नऊ बिट त्याच कोडात येतात. बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे. नागपुरात शिकले, अमेरिकेत बोस यांच्याकडे संशोधन केलं, १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलर या गणितज्ञाचा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा अंदाज खोटा ठरवला आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा केला. त्याच १९५९ साली बोस-श्रीखंडे या जोडीने कोडांच्या रचनेवर एक निबंधही लिहिला : ठरावीक लांबीत एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर राहणारे शब्द किती बसवता येतात, आणि त्याचा हॅडामार्ड मॅट्रिक्सशी कसा संबंध आहे. दूर राहणारे शब्द, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यासारखा दिसणार नाही असे शब्द. चूकदुरुस्तीचं मर्म एवढंच आहे. श्रीखंडे २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले. आमच्या मुलांना त्यांचं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता शिवारातल्या नोंदींकडे येते.

झाडाखालून जाताना सिग्नल सुटा सुटा बिघडत नाही, सलग तुटतो. व्हिटर्बीच्या रीतीला हे सोसत नाही. शेजारच्या साक्षी एकदम गेल्या की सांगायला कुणी उरत नाही. म्हणून नाविकमध्ये ते ५८४ बिट पाठवण्याआधी एका चौकटीत मांडतात : ७३ उभे स्तंभ, प्रत्येकात ८. भरताना स्तंभाने भरायचे, पाठवताना आडव्या ओळीने वाचायचे. त्यामुळे हवेत जे एकमेकांच्या शेजारी असतात ते मुळात आठ-आठ जागांच्या अंतरावरचे असतात. एक आडवी ओळ हवेतून यायला १.४६ सेकंद लागतात. सिग्नल त्याहून कमी वेळ तुटला, तर चौकट परत उभी मांडल्यावर प्रत्येक स्तंभातला फार तर एक बिट गेलेला असतो, आणि आठातला एक गेला तर बाकीचे सात त्याची उणीव भरून काढतात.

पुस्तकात हे दोन वाक्यांत संपतं. रस्त्यावर त्याचा अर्थ उलगडला. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला १.४६ सेकंदांत २४ मीटर कापता येतात. रस्त्याकडेच्या मोठ्या वडाची सावलीही सहसा त्याहून लहान असते. गाडी वडाखालून गेली, सिग्नल तुटला, जुळला, आणि संदेशाला धक्का लागला नाही. आमच्या नोंदीत हे अगदी स्वच्छ दिसलं. त्याच वडाखालून एक विद्यार्थी अँटेना घेऊन सावकाश चालत गेला तेव्हा दहा-बारा सेकंद गेले आणि अख्खा तुकडा हातचा गेला. झाड तेच, कोड तोच. गाडीतल्या माणसाला तो पुरला, पायी चालणाऱ्याला पुरला नाही. कोड रचणाऱ्याने आधी कोण ऐकणार आहे ते ठरवलेलं असतं, लिहिलेलं नसलं तरी. चौकट मोठी केली तर पायी चालणाऱ्यालाही सांभाळता येईल, पण मग चांगल्या आकाशाखालच्या माणसालाही संदेश पुरा व्हायला जास्त वेळ थांबावं लागेल. यात दोन्ही बाजू एकदम सांभाळता येत नाहीत. आपला सगळ्यात अडचणीतला ऐकणारा कोण, हे ठरवणं हा रचनेचा खरा भाग आहे, आणि माझ्या मते तो ठरवताना भाताच्या खाचरात उभा असलेला आदिवासी शेतकरी आणि उसात बिबट्याचा माग काढणारा वनरक्षक डोळ्यांसमोर असायला हवेत.

रतनवाडीच्या नोंदींत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यायची. काही तुकडे असे, की सिग्नल बहुतेक वेळ चांगला, तुटलेला काळ अर्ध्या सेकंदाहून कमी, तरी संदेश बिघडलेला. विद्यार्थ्यांनी एकेक बिट छापून भिंतीवर कागद लावले. तुकड्याच्या आरंभाची खूण बरोबर होती : १११० १०११ १००१ ००००. बारा सेकंदांनंतर पुढच्या तुकड्याची खूण पाहिली तर ती होती ०००१ ०१०० ०११० ११११. शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. पानांआड सिग्नल क्षणभर गेला तेव्हा रिसीव्हरची लहरीवरची पकड सुटली होती आणि परत जुळताना ती अर्ध्या लहरीने उलटी बसली होती. तिथून पुढचे सगळे बिट उलटे. सिग्नलची ताकद दाखवणारा काटा मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होता.

हे कळल्यावर उपाय हाती आला. दोन टोकांच्या खुणा एकसारख्या नसतील तर मध्ये कुठेतरी उलटापालट झाली आहे. सिग्नल जिथे क्षीण झाला त्या जागा नोंदीत असतातच. त्या प्रत्येक जागेनंतरचे बिट सुलटे करून संदेश उलगडून पाहायचा आणि तपासणीला लावायचा. टाकून दिलेल्या तुकड्यांतले बरेच असे परत मिळाले. त्या कागदांसमोर उभ्या राहून एका विद्यार्थिनीने ती जागा बोटाने दाखवली, तो क्षण माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातल्या उत्तम क्षणांपैकी आहे.

आता तपासणीबद्दल. व्हिटर्बीच्या रीतीचा एक गुण आहे जो नीट न समजल्यास घातक ठरतो : ती उत्तर देतेच. सिग्नल स्वच्छ असो, निम्मा गेलेला असो वा निव्वळ गोंगाट असो, ६४ वाटांपैकी एक सर्वांत जुळणारी निघतेच आणि ती २९२ बिट हातात ठेवते. वाट माहीत नसतानाही हात करून दाखवणाऱ्या माणसासारखं. त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तिला सांगता येत नाही. ते काम त्या २४ बिटांचं. पाठवणाऱ्याने संपूर्ण संदेशाला एका ठरलेल्या बहुपदीने भागून उरलेली बाकी शेवटी जोडलेली असते. घेणाऱ्याने तोच भागाकार करायचा. बाकी जुळली तर संदेश घ्यायचा, नाही जुळली तर सगळा टाकायचा. निव्वळ गोंगाटातून निघालेला खोटा संदेश या तपासणीतून सुटण्याची शक्यता १,६७,७७,२१६ मध्ये एक. एका उपग्रहाच्या नावावर दर बारा सेकंदांनी असा खोटा संदेश येत राहिला, तरी सरासरीने एक निसटायला सहा वर्षांहून जास्त लागतील.

दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतो, “मॅडम, एवढा संदेश हाताशी आलाय, दोन-चार बिटांचा तर फरक. तसाच घेतला तर काय बिघडतं?” प्रश्न चांगला आहे. रतनवाडीत दोन-दोन मिनिटं थांबून हाती आलेला तुकडा टाकताना हात जड होतो. मी त्याला फळ्यावरचा चौथा बिट दाखवते. दोन-चार बिट चुकलेत हे कळलं, पण कोणते ते कळलेलं नाही. ते १४ सेंटिमीटरचे असतील, १४६ किलोमीटरचे असतील, किंवा एका बांधाचे असतील. ज्या कोडाला सुधारता येतं त्याने सुधारावं. जिथे सुधारता येत नाही तिथे ‘मला माहीत नाही’ असं स्पष्ट सांगावं. या दोन कामांपैकी दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, असं मी इतक्या वर्षांनंतर ठामपणे म्हणते.

पण टाकून द्यायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. बिघडलेल्या तुकड्यातही पुष्कळ खरं असतं. रिसीव्हरने प्रत्येक बिटावर ‘शून्य’ किंवा ‘एक’ असा शिक्का न मारता ‘बहुधा शून्य’, ‘जवळजवळ नक्की एक’, ‘काहीच सांगता येत नाही’ अशी खात्रीची मात्रा जपून ठेवली, तर निम्म्या ताकदीच्या सिग्नलमधूनही जास्त निघतं. शिवाय घड्याळ आणि कक्षेचा मजकूर फेरीमागून फेरी बराच काळ तोच असतो. मग ४८ सेकंदांनी आलेला तोच तुकडा आधीच्यावर ठेवून दोघांच्या मात्रांची बेरीज का करू नये? अडचण एवढीच की प्रत्येक तुकड्यात वेळेचा आकडा बदलतो, आणि कोड तो बदल पुढच्या बिटांत मिसळतो; तपासणीचे बिटही बदलतात. इथे कोडाचा एक सुंदर गुण कामी येतो. तो रेषीय आहे : दोन संदेशांतला फरक कोडातून काढला की त्यांच्या सिग्नलांतला फरक मिळतो. रिसीव्हरला साधारण वेळ ठाऊक असली की दोन फेऱ्यांमधल्या वेळेच्या आकड्यात कोणते बिट बदलले असणार ते आधीच काढता येतं. तो फरक कोडातून न्यायचा, जिथे एक येईल तिथल्या मात्रेचं चिन्ह उलटं करायचं, आणि मग बेरीज. डोंगराआडून अर्धवट आलेले दोन-तीन तुकडे असे एकत्र केले की त्यातून पुरा संदेश निघतो, आणि तो खरा आहे की नाही हे शेवटी पुन्हा तेच २४ बिट सांगतात. मधल्या काळात उपग्रहाने मजकूर बदललेला असला तर बाकी जुळत नाही आणि बेरीज आपोआप बाद होते. ही रीत जगात आणखीही लोक वापरतात. आमचं काम ती आपल्या झाडीत, आपल्या उपग्रहांवर किती चालते ते तपासण्याचं.

नाविकला याची गरज आज जास्त आहे. पहिल्या उपग्रहांपैकी काहींची परदेशी बनावटीची अणुघड्याळं बंद पडली. २०२५ च्या जानेवारीत सोडलेला नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. जागा आणि वेळ दोन्ही ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. हाताशी मोजकेच असताना डोंगराआड एकाचा संदेश हुकला तर सगळा हिशेब अडतो. उमेदीची बाजू अशी की २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ बरोबर आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ गेलं आणि एल-वन या वारंवारितेवरचा नवा सिग्नलही सुरू झाला. त्याच्या खुणांच्या मालिका रचण्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. पी. विजय कुमार यांचा वाटा आहे, आणि त्याच्या संदेशात रॉबर्ट गॅलागर यांनी साठच्या दशकात मांडलेला, मग तीसेक वर्षं अडगळीत पडलेला एलडीपीसी कोड आहे. आमच्या नोंदींतला गोंगाट त्यावर घालून पाहिला तेव्हा विखुरलेल्या चुकांपुढे तो जुन्या कोडापेक्षा उजवा ठरला. डोंगराने आकाशच झाकलं तिथे मात्र दोघेही सारखेच हतबल. जो सिग्नल आलाच नाही तो कोणताही कोड उभा करू शकत नाही.

माझा मावसभाऊ भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. त्याच्यामुळे मला माझ्या विषयाचं दुसरं टोक दिसलं. पूर्वी मोजणी ३३ फुटांच्या, १६ आण्यांच्या साखळीने व्हायची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आता त्याच्या हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल घेणारं मोजणीचं यंत्र असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यभर उभी केलेली कॉर्स केंद्रं, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल अखंड टिपणारी स्थिर केंद्रं, आपली मोजमापं मोबाइल इंटरनेटवरून पाठवतात, रोव्हर ती उपग्रहांच्या सिग्नलशी ताडून सेंटिमीटरच्या घरात जागा सांगतो. उपग्रहाच्या घड्याळातली चूक या पद्धतीत बरीचशी दोन्हीकडे सारखी असल्याने वजा होते. पण केंद्राकडून येणाऱ्या मोजमापातच बिट उलटला तर ती चूक सरळ उत्तरात उतरेल. म्हणून त्या प्रत्येक संदेशाच्या शेवटीही २४ तपासणीचे बिट असतात, आणि त्यांची बहुपदी नाविकच्या संदेशात आहे तीच.

एकदा मी त्याच्याबरोबर नेवासा तालुक्यातल्या एका मोजणीला गेले होते. दोन्ही बाजूंचे खातेदार हजर, पिढ्यांचा वाद, बोलणं बंद. कोपऱ्याची खूण नेमकी चिंचेखाली. रोव्हरच्या पडद्यावर ‘फ्लोट’ (जागा अजून पक्की नाही) दिसत होतं, ‘फिक्स’ (जागा पक्की) येत नव्हतं. एका बाजूचे दादा म्हणाले, “साहेब, आकडा तर दिसतोय. मारा की खुंटी.” भाऊ म्हणाला, “दिसतोय, पण मशीनला खात्री नाही. खात्री नसलेल्या आकड्यावर मी खुंटी मारणार नाही.” मग त्याने झाडापासून लांब, मोकळ्यात दोन जागा फिक्स घेतल्या आणि तिथून कोपऱ्याचं अंतर मोजून खूण ठरवली. वेळ लागला. दुसऱ्या बाजूचे काका सगळं बघत होते. खुंटी बसल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, “मशीन नाही म्हणत होतं तेव्हा थांबलात ना? मग आमची हरकत नाही.” परतताना भाऊ मला म्हणाला, “ताई, तुझ्या त्या कोडचं काम हे आहे होय?” मी हो म्हटलं.

फ्लोट आणि फिक्स यांचं गणित माझ्या कोडांपेक्षा वेगळं आहे, पण निष्ठा एकच. ज्या जिल्ह्यात हातभर बांधासाठी घरं दुभंगली, तिथे यंत्राने ठोकून दिलेलं उत्तर नको. तपासलेलं उत्तर हवं आणि तपासता आलं नाही तर तसा कबुलीजबाब हवा. पुढच्या काळात ट्रॅक्टर, फवारणीचे ड्रोन, एसटीच्या गाड्या, सातबाऱ्याचे नकाशे सगळं उपग्रहाच्या भरवशावर चालणार आहे. त्या भरवशाचा पाया कुठे आहे हे आपल्या मुलांना कळावं, त्यांनी तो स्वतः उकरून पाहावा, म्हणून मी हे काम करते. सिग्नलचं वर्णन खुलं आहे, लागणारी साधनं एका महाविद्यालयाला परवडण्यासारखी आहेत, आणि अवघड आकाश आपल्याकडे भरपूर आहे. आम्ही टिपलेल्या नोंदी जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांना द्यायला सुरुवात केली आहे. नवा कोड रचणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही देशातला असो, माझं सांगणं एकच आहे : तुमचा कोड किती चुका सुधारतो ते नंतर सांगा, सुधारता येत नाहीत तेव्हा तो खरं बोलतो का, ते आधी दाखवा.